वरच्या मजल्यावर, जिना टाळून

फ्रीगंज, उज्जैन
(तळमजला)

तीर्थस्वरूप भय्यासाहेब काका यांना,

खालच्या मजल्यावरून शर्वरीचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल असं लिहिणार होते, पण सकाळी लागोपाठ शिंका ऐकू आल्या, त्यामुळे तसं लिहिणं खरं होणार नाही. काकूंना सुंठ घालून काढा करायला सांगावं. आम्ही सगळे ठीक आहोत (बाबांचा गुडघा सोडून, तो आपल्याला ठाऊकच आहे, कारण मागच्या पेशीला कोर्टाच्या पायऱ्या त्यांना आपणच हात धरून चढवल्या होत्या).

एकाच घरात राहून ही पोस्टाने पत्र का पाठवते, असं आपल्याला वाटेल. काका, आपल्या दोन मजल्यांमधला जिना कोणाचा, हा प्रश्न इंदूरला हायकोर्टात अपिलात आहे. आपण म्हणता आपला, बाबा म्हणतात त्यांचा. अशा जिन्यावर मी पाय ठेवला तर तो कोणाच्या परवानगीने ठेवला, हे कायदा शिकायला लागल्यापासून मला ठरवता येत नाही. काकू वरून हाका मारतात, "अगं, खिचडी गार होतेय, ये ना वर!" आणि मी अंगणात उभी राहून पिशवी दोरीने खाली सोडा म्हणते. त्या मला वेडी म्हणतात. (पिशवी सोडतात मात्र.)

आता हकिकत. शेवटच्या वर्षाला एखाद्या लॉ फर्ममध्ये ट्रेनी म्हणून शिरकाव झाला नाही तर पुढे कोणी दारात उभं करत नाही, असं कॉलेजात सगळे सांगतात. वर्गातल्या अश्विनीला तिच्या मावसभावाने कुठेतरी चिकटवलं. मी मुंबई-दिल्लीला अर्ज पाठवले. एका फर्मचं लगेच उत्तर आलं, अर्ज मिळाला, आभारी आहोत. मला इतकं बरं वाटलं की मी उलट आभार मानले. त्यांनी पुन्हा मानले. गप्प बसणं उद्धटपणाचं दिसलं असतं, म्हणून मीही मानले. हे संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी बाबा म्हणाले, बेटा, तिकडे माणूस नाही, मशीन आहे. (तरी शेवटचे आभार त्यांचेच राहिले, याची रुखरुख आहे.)

मग इंदूरच्या एका फर्मने मुलाखतीला बोलावलं. मॅडम भल्या होत्या. कराराबद्दल विचारलं, मुदतीच्या कायद्याबद्दल विचारलं, सगळं आलं. त्या म्हणाल्या, "बढ़िया! सोमवार से आ सकती हो?" इथे मी 'जी' म्हणून उठायला हवं होतं. पण शाळेत घालण्याआधी मला घरी आपणच शिकवलंत, ह्याच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवून. आणि अर्धंच खरं सांगणाऱ्या पोराने अगदी खालच्या पायरीवर जाऊन बसायचं, हा आपलाच नियम. मी म्हणाले, "मैडम, एक बात बतानी है। आपके एक क्लाइंट मेरे काका हैं।"

"तो अच्छा है ना!"

"जी। पर सामनेवाली पार्टी मेरे पापा हैं।"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बोलचाल बंद है?"

"नहीं मैडम, पेशी पर दोनों काका की गाड़ी में साथ आते हैं।"

"फिर लड़ते कब हैं?"

"कोर्ट में सीढ़ी पर। गाड़ी में एसी पर।"

त्या खूप हसल्या. पण खटला चालू आहे तोवर, जिथे आपली फाइल आहे त्या ऑफिसात विरोधी पक्षाची मुलगी बसू शकत नाही, हे त्यांनी हसता हसताच सांगितलं. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवते म्हणाल्या. तोवर घरचं मिटलं तर ये.

मी आपल्याकडे काहीही मागत नाही, काका. माझ्या स्वार्थासाठी आपण हक्क सोडावा असं सुचवणंसुद्धा गैर आहे. आपली बाजू भक्कम आहे (बाबांचीही आहे). फक्त कळवावंसं वाटलं. काकूंना नमस्कार. काढा जरूर घ्यावा.

आपली आणि आपल्या प्रतिपक्षाचीही,
शर्वरी

ता. क. वकील नेमलेल्या माणसाशी विरोधी बाजूच्या वकिलाने थेट संपर्क साधू नये, असा नियम आहे. मी अजून वकील नाही, पण होणार आहे (कदाचित). तरी हे पत्र वाचण्याआधी आपल्या वकिलांना दाखवावं. ही सूचना वर लिहायला हवी होती, क्षमा असावी.

दुसरा ता. क. बाबा जिना सोडायला तयार आहेत. हे ते मला नाही, आईला म्हणाले. मी आईची परवानगी घेऊन लिहिते आहे. त्यांची अडचण वेगळीच आहे. खटला संपला की इंदूरच्या फेऱ्या संपल्या, आणि परतताना टावर चौकात उतरून आपण दोघं कचोरी खाता तेही संपलं. "मग दादा मला कशाला गाडीत घेईल?" असं म्हणाले. आपल्याही मनात असंच काही असेल तर निःसंकोच सांगावं. तडजोडीवर सह्या झाल्या तर पुढच्या तारखा मी देत जाईन, दर महिन्याला, टावर चौकातल्या. गैरहजर राहणाऱ्याची कचोरी एकतर्फी खाल्ली जाईल.