कोट ठेवायची खोली

७ ऑक्टोबर
ऑटावाहून मेल. सिनेटरबाईंच्या ऑफिसातला डॅनियल. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमाला बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्या. अपक्ष आहेत, कुठल्याच पक्षाच्या नाहीत. इथलं सिनेट म्हणजे साधारण आपली राज्यसभा. बाई तिथे नव्याने आलेल्यांना नोकरीत मिळणाऱ्या वागणुकीवर बोलणार आहेत, आणि भाषणात एक परिच्छेद माझा आहे.

मी बाईंशी शब्दही बोललो नव्हतो. मी खुर्च्या लावत होतो. मित्रा, माझी बायको, तिनेच हातात जेवणाची ताटली घेऊन बाईंना सगळं सांगितलं. बायको कोणाची!

परिच्छेद असा, थोडक्यात: एका उपनगरातल्या माणसाने मुलीच्या वाढदिवसाआधी हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो काढून बेडरूममध्ये नेला, पाहुण्यांनी काही विचारू नये म्हणून. दिवस फेब्रुवारीचे. पाहुण्यांचे कोट बेडरूममध्येच पलंगावर टाकले गेले. निघताना त्याचा मॅनेजर आपला कोट शोधायला आत गेला. दोघं चार हिवाळे एकाच गाडीने कामावर जात होते. सोमवारी गाडी आली नाही.

नाव नाही, गाव नाही, कंपनी नाही. डॅनियल लिहितो, ‘यू आर फुली प्रोटेक्टेड.’ अरे बाबा, त्या दिवशी घरात मार्कहॅममधली निम्मी मराठी माणसं होती. सगळ्यांचे कोट त्याच पलंगावर होते.

बरोबर आहे की नाही ते कळवा, म्हणतो.

८ ऑक्टोबर
सकाळी चहावर मित्राशी भांडण.
‘तुला विचारायला नको होतं मला?’
‘विचारलं असतं तर तू नको म्हटलं असतंस.’
‘मग?’
‘म्हणून नाही विचारलं.’

फोटो अजून बेडरूममध्येच आहे. पावणेदोन वर्षं. मित्रा म्हणते तू नेलास, तूच परत आण. मी म्हणतो आणतो. आमचं आडनाव तीन-चार जातींत चालतं. झाकली मूठ होती माझी. एका फोटोने उघडली, आणि तीही मीच लपवायला गेलो म्हणून. हॉलमध्ये राहू दिला असता तर कदाचित कोणी पाहिलाही नसता.

१४ ऑक्टोबर
आज अभिजित लंच रूममध्ये भेटला. अभिजित म्हणजे तोच, मॅनेजर. पुण्याचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. हसला. नेहमीच हसतो. हीच तर पंचाईत आहे. कधी वावगा शब्द काढला नाही त्याने. त्या सोमवारी फक्त टेक्स्ट आला होता: सकाळी जिम सुरू केलीय, आता कारपूल जमणार नाही. महिनाभराने मला मोठ्या प्रोजेक्टवरून काढून मेंटेनन्सला टाकलं, ‘तुझा अनुभव तिथे हवाय’ म्हणून. नंतर त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर आमच्याच ऑफिसातला कुलकर्णी दिसू लागला.

पण खरंच जिम असेल तर? कुलकर्णीही त्याच जिममध्ये जात असेल तर? बारीक तर झालाय अभिजित.
पुरावा काय माझ्याकडे. एक न आलेली गाडी.

१६ ऑक्टोबर
डॅनियलला उत्तर दिलेलं नाही. पण विषय सभागृहाच्या यादीत लागलाय. दुपारी दोनला सिनेट बसतं, ते नेटवर दिसतं. ऑफिसात एका कानात इअरफोन घालून बसलो. यादीतले विषय एकेक पुकारतात. आमचा पुकारला. कोणीतरी म्हणालं, ‘स्टँड.’ म्हणजे आज नको, पुढे ठेवा. पुढचा विषय.

इतकंच. आणि माझा शर्ट घामाने भिजलेला.

२१ ऑक्टोबर
स्टँड.

२२ ऑक्टोबर
स्टँड. ऑफिसात मात्र रीऑर्ग होणार अशी कुजबुज. डिसेंबरच्या आत काही जणांना नारळ. यादी मॅनेजर देणार. माझा मॅनेजर कोण हे वर लिहिलंच आहे.

आत्ताच ही अवदसा आठवायची होती सिनेटला?

२९ ऑक्टोबर
गाडीत बसून डॅनियलला फोन केला. मुलगा चांगला आहे, सगळं नीट समजावतो. बाई सभागृहात जे बोलतील त्यासाठी त्यांना कोणी कोर्टात खेचू शकत नाही.
‘अँड मी?’
म्हणाला, तुमचं नाव कुठेच नाही सर. म्हणजे उत्तर नाही.

विचारलं, नंतर काढून टाकता येतं का. नाही. बोललेला शब्द न् शब्द छापला जातो, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये, आणि कायम राहतो. लोकांना आपलं नाव अमर व्हावंसं वाटतं. माझं नाव सोडून बाकी सगळं अमर होणार.

३० ऑक्टोबर
मेल केला. परिच्छेदातले कोट आणि गाडी काढा, बाकी काही ठेवा. पाठवल्यावर फार हलकं वाटलं. जेवलो पोटभर. मित्राला सांगितलं नाही.

४ नोव्हेंबर
नवा मजकूर आला. ‘नव्याने आलेल्या काही समुदायांना सामाजिक दुराव्याचे सूक्ष्म अनुभव येतात.’ छान. सुरक्षित. कोणाच्याही बापाला कळणार नाही.

प्रिंट काढून टेबलवर ठेवला आणि विसरलो. रियाने वाचला. पंधरा वर्षांची आहे, सगळं वाचते. म्हणाली, ‘बाबा, हू इज धिस अबाउट?’
‘माझ्याबद्दल.’
‘नो इट्स नॉट. इट्स अबाउट नोबडी.’

मित्राने कागद हातात घेतला, वाचला, सरळ घडी करून परत दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, ‘कायले एवढा भितं रे बापा.’ नागपूरची बोली ती फक्त फार दमली की काढते.

९ नोव्हेंबर
पहिला बर्फ. ड्राइव्ह-वे शोव्हल करत होतो तर फोन वाजला. स्वतः बाई. रविवारी! मी फावडं धरून तसाच उभा.

न्यूफाउंडलंडच्या आहेत, तिकडचे उच्चार वेगळे, बोलणं चटकन कळत नाही. म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तेच वाचेन, त्याची काळजी नको. मग आजोबांचं सांगितलं. आयर्लंडहून आलेले. काम मिळेना म्हणून आडनावाच्या सुरुवातीचा, आयरिश असल्याचं सांगणारा ‘ओ’ गाळून टाकला. घरी मात्र जेवणाआधीच्या प्रार्थनेत पूर्ण आडनाव घ्यायचे, हळू आवाजात, शेजारी ऐकतील म्हणून. ‘तुमच्या बायकोने फोटोचं सांगितलं,’ म्हणाल्या, ‘तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर दिसलं.’

‘थँक यू मॅडम’ म्हणालो. बर्फ काढायचं राहिलंच.

१३ नोव्हेंबर
ग्रोसरी स्टोअरमध्ये मेश्राम भेटले, जयंती करणाऱ्या आपल्या असोसिएशनचे. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाले, ‘ऐकलं का, आपल्यातल्या एका माणसाची केस सिनेटमध्ये येतेय म्हणे. कोण असेल हो?’
‘कोण जाणे.’
‘हिंमतवान असला पाहिजे.’
मी नुसती मान डोलावली. घरी आल्यावर पाहिलं, पिशवीत कोथिंबिरीच्या चार जुड्या. एवढ्या कोथिंबिरीचं काय करायचं.

म्हणजे बाहेर फुटलंय. आज मेश्रामांना अर्धं माहीत, उद्या कुलकर्णीला पूर्ण. मित्राला विचारलं, तू कोणाला बोललीस? ‘मी फक्त असोसिएशनच्या बायकांना सांगितलं.’ फक्त!

१८ नोव्हेंबर
अभिजितबरोबर वर्षअखेरचा रिव्ह्यू. अर्धा तास. माझं काम चांगलं आहे, म्हणाला. शेवटी लॅपटॉप मिटला, पेन खिशात ठेवलं, परत काढलं.
‘बाकी सगळं ठीक ना, प्रशांत? घरी वगैरे?’
‘हो. का?’
‘काही नाही. सहज.’

सहज. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा घरचं विचारलं. दिवसभर त्या ‘सहज’वर तर्क करत बसलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आई म्हणायची. माझा राक्षस लॅपटॉप घेऊन फिरतो.

१९ नोव्हेंबर
दुपारी परत स्टँड. आता मीही सवयीने तेच पुटपुटतो. शेजारच्या क्युबिकलमधली लिंडा विचारते, आर यू ओके?

२५ नोव्हेंबर
डॅनियलचा मेल. विषय असाच पुढे ढकलत राहिला तर यादीतून आपोआप गळतो. म्हणून बाई गुरुवारी बोलणारच. पहिला मजकूर की दुसरा, गुरुवारी सकाळी कळवा. काही कळवलं नाही तर दुसरा.

म्हणजे मी गप्प बसलो तरी चालेल. गप्प बसणं मला छान जमतं.

पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार. त्या सोमवारी मी विंटर जॅकेट, टोपी, हातमोजे घालून दारात उभा होतो. टेक्स्ट उशिरा आला. तोपर्यंत तिथेच उभा होतो, काचेला नाक लावून. रिया शाळेला निघाली, तिने विचारलं, ‘इज अंकल लेट?’ मी म्हणालो हो, बर्फ आहे ना. आकाश निरभ्र होतं. तिनेही पाहिलं असणार. काही बोलली नाही. तेव्हा वाईट वाटलं ते अजून तसंच आहे. भीती त्याच्यावर येऊन बसली एवढंच.

२६ नोव्हेंबर
उद्या मोठं वादळ, सगळे चॅनेल ओरडतायत. बर्फावर गाडी घसरू नये म्हणून लावायचे माझे विंटर टायर अजून बेसमेंटमध्ये. अपॉइंटमेंट घ्यायची राहिली, डोकं ठिकाणावर असेल तर ना.

संध्याकाळी फोन. अभिजित.
‘प्रशांत, टायर लागले का तुझे?’
‘नाही अजून.’
‘मग उद्या गाडी काढू नकोस. मी येतो घ्यायला. पूर्वीसारखं, आठला.’
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
‘थोडं बोलायचंही होतं,’ म्हणाला.

काय बोलायचंय? नारळाच्या यादीत माझं नाव आहे हे? सिनेटचं कळलं हे? की... तिसरी, चांगली शक्यता लिहायलाही भीती वाटते, कारण ती खरी निघाली तर बाईंनी उद्या काय वाचायचं?

मित्राला सांगितलं. भांडी लावता लावता म्हणाली, ‘जा ना त्याच्या गाडीतून. मी कुठे नको म्हणते.’ मग नळ बंद करून: ‘पण मेल आधी पाठव. गाडीत बसल्यावर तू पाठवणार नाहीस.’
ओळखून आहे मला.

२७ नोव्हेंबर, सकाळ
बाहेर पांढरं. समोरचं घर दिसत नाही. बेडरूममध्ये बसून लिहितोय.

मेल पाठवला. एकच ओळ. पहिला मजकूर वाचा, कोटांसकट, गाडीसकट. ‘कोट’ दोनदा चुकला. डॅनियलचं लगेच उत्तर: थँक यू. आणि खाली, बाई उभ्या राहीपर्यंत केव्हाही फोन करा, बदलता येईल. हे त्याने कशाला लिहिलं! आता दुपारपर्यंत माझ्या खिशात तो फोन असणार, आणि मी त्या गाडीत.

खूप भीती वाटतेय. लिहून काही कमी होत नाहीये.

समोर बाबासाहेबांचा फोटो. काच पुसली. संध्याकाळी आलो की हॉलमध्ये लावतो. इथे लिहिलं म्हणजे टाळता येणार नाही.

आठ वाजतायत. गाडी आली, वायपरचा आवाज ऐकू येतोय. पूर्वी तो एकदा हॉर्न द्यायचा.

बेल वाजली. हॉर्न नाही, बेल. मित्राने दार उघडलं. अभिजितचा आवाज, ‘वहिनी, पाच मिनिटं बसू का? गाडीत बोलण्यासारखं नाहीये.’

मग मित्रा, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात:
‘प्रशांत, यांचा कोट कुठे ठेवू?’