बोटीचं तोंड वाळूवर धरणाऱ्या दादास

प्रिय दादा,

जय भीम! तू गेल्यापासून तुझ्याशी मनातच बोलतेय. पण काल जे घडलं, ते लिहून सांगितल्याशिवाय राहवेना.

दुपारी रजेवरचा एक फौजी दारात उभा राहिला. गंगाराम, पायदळातला, इस्लापूरचा. तू आजारी आहेस एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. "कंडक्टरला उस्मानाबाद जिल्हा म्हणलो, तर तो म्हणला, आता जिल्हा नवा झालाय, लातूर म्हणा!" हसत बोलला, आणि भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो दिसला. तिथंच खाली बसला बिचारा.

आठवतं, दुष्काळात आपण खडी फोडायला जायचो, तेव्हाच तू नौदलात भरती झालास? आई किती भांडली! "इथं प्यायाला पाणी न्हाई, अन् तू समुद्रावर चाललास व्हय?"

सुट्टीवर आलास की गावातले विचारायचे, लढाईत काय करतोस? तू म्हणायचास, "सपाट बुडाची बोट चालवतो. वाळूला लागली की पुढचं दार पाडायचं, पायदळ उतरवायचं." "म्हंजी एसटीचा ड्रायव्हरच की!" सगळ्यांत मोठ्यानं तूच हसायचास.

मग काल गंगारामनं सांगितलेली गोष्ट तू का नाही सांगितलीस रे?

सरावाचा दिवस होता. बोट वाळूला टेकली, दार पडलं, सगळे उतरले. गंगाराम मात्र दारातच थिजला. त्याचा भाऊ सहस्रकुंडाच्या धबधब्यात बुडालेला. पाणी दिसलं की याचे पाय उचलत नसत. लाटा मागून बोट आडवी करू पाहत होत्या. साहेब ओरडत होता, "बोट मागं घे!" तू घेतली नाहीस. सुकाणू घट्ट धरून हाक दिलीस, "उतर भाऊ, गुडघाभरच हाय. तू वाळूवर जाईस्तोवर मी हलत न्हाई!"

"इतक्या लांब आपली बोली ऐकली, अन् पाय उचलला," गंगाराम म्हणाला. "पाठीवर लई ओझं होतं. बोट सरकली असती तर खोल पाण्यात पडून मी तिथंच गेलो असतो."

तुला शिक्षाही झाली म्हणे! तीही लपवलीस. लबाड!

वहिनी इतके दिवस कुणाशी बोलत नव्हती. तिनं त्याला भाकरी वाढली आणि म्हणाली, "भाऊजी, परत एकदा सांगा." त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाली, "मला समुद्र बघायचाय."

दादा, शब्द देते. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली की तिला नेईन. आई नको नको म्हणेल, तिलाही नेईन. आणि पाण्यात पहिलं पाऊल मीच टाकीन. भीती मलाही वाटतेच की रे!

तुझीच धाकटी,
सुमन