चादर धरलेली बोटं

आई,

तुझा आत्ताच डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. चहा थर्मासमध्ये आहे. मी गुलमंडीला फ्रेमवाल्याकडे जाते. उद्या तेरावा, फोटो आजच हवा.

त्या बुधवारी काढलेलाच देणार आहे. पेन्शनच्या फॉर्मसाठी बाबांना खिडकीशी बसवलं होतं. दुसऱ्या गालावर उजेड पडावा म्हणून तू पांढरी चादर धरून उभी होतीस. "लग्नातसुद्धा इतके ताठ बसला नव्हतात," असं तू म्हणालीस आणि ते हसत सुटले. चादर हलली, मी चिडले. "हसू नका बाबा, फॉर्मला चालत नाही. मला ऑफिसला उशीर होतोय."

"लई कडक फोटोग्राफर आहे बुवा!" म्हणत ते पुन्हा हसले. गुरुवारी पहाटे ते गेले.

चिन्मय म्हणतो, कडेला आईची बोटं दिसतात, ती कापून टाक. तूही काल म्हणालीस, "माझी बोटं कशाला त्यात?" मी कापू देणार नाही. ते तुझ्यामुळं हसतायत, आणि त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावरचा उजेडही तुझ्या हातातल्या चादरीवरूनच आलाय.

खिडकीतली खुर्ची तिथंच राहू दे. आज उजेड आला तेव्हा मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "हसा बाबा, हवं तेवढं हसा. मला कुठंही जायचं नाही."

मृण्मयी