आडनाव न विचारणारं घर

९ नोव्हेंबर

घर मिळालं. सकाळी नऊला छोटा हत्ती टेम्पो लावला आणि अकरापर्यंत सगळं सामान आत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. पेरू पिकलेले आहेत. अपर्णानं पोचल्या पोचल्या तीन खाल्ले. ती आठ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "पापा, अब यहीं रहेंगे ना?" मी हो म्हणालो.

नवी वही नव्या घरासाठी घेतली आहे. पहिल्या पानावर पूर्ण नाव लिहिलं: यशदीप लहानू रंगारी. नाव पूर्ण सांगावं, ही बाबांची शिकवण. अजनीच्या रेल्वे शेडमध्ये ते छत्तीस वर्षं फिटर होते. हजेरीच्या वेळी मुकादम नुसतं 'लहानू' पुकारायचा. बाबा आडनावासकट पुकारल्याशिवाय ओ देत नसत.

रायपूरला बदली होऊन दोन महिने झाले. या दोन महिन्यांत अकरा घरं पाहिली. सगळीकडे एकच पायरी आड आली. नाव विचारत, मी यशदीप म्हणे. मग विचारत, "आगे?" पुढचं सांगितलं की कोणाचा पुतण्या राहायला येणार असे, कोणाची पुताई, म्हणजे रंगरंगोटी, बाकी असे. शंकर नगरात एका बाईंनी चहाचं विचारलं, आडनाव ऐकलं, आणि दूध नासल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

इथं कोणी विचारलं नाही. मालक बिलासपूरला असतात, बोलणं फोनवरच झालं. किल्ली मीटरच्या डब्यामागे होती. मीच म्हणालो की माझं नाव लिहून घ्या. ते म्हणाले, "रहना है तो रहिए. नाम तो लगा हुआ है."

फाटकाच्या खांबात संगमरवरी पाटी बसवलेली आहे. श्या. वि. हरकरे. आधीचे भाडेकरू असावेत. पाटी काढू नका, एवढी एकच अट.

११ नोव्हेंबर

सामान लागलं. भनपुरीहून येताना रस्त्यावर ट्रकांची रांग असते, तरी ऑफिसातून पाऊण तासात घरी पोचतो. मालवाहतूक कंपनीत माझं काम गाड्यांच्या पावत्या तपासण्याचं.

स्वयंपाकघराच्या फळीवर आधीच्यांचे दोन डबे राहिले आहेत. झाकणांवर नाव घातलेलं: सौ. वनमाला हरकरे. दीक्षानं ते पुसून कडेला ठेवले आणि शेजारी आपली भांडी मांडली. तिच्या लग्नात तिच्या आईनं दिलेल्या प्रत्येक भांड्यावर 'सरलाकडून दीक्षास' आहे. पेल्यावरसुद्धा. भांडेवाल्यानं अक्षरांचे वेगळे पैसे मागितले तर सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरीचं नाव आहे, घाल.

तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर कुठं लावायची यावर थोडं बोलणं झालं. पुढच्या खोलीत खिळा आहे, पण तिथून फाटकातून दिसतात. मी आतल्या खोलीत लावल्या. सध्यापुरत्या, असं म्हणालो. दीक्षानं पुढच्या खोलीतला रिकामा खिळा पुसून ठेवला. 

१४ नोव्हेंबर

समोरच्या घरातले बंडूभाऊ आज फाटकाशी आले. साठीचे, मूळ वर्ध्याकडचे, पाऱ्यातली, म्हणजे इथल्या मोहल्ल्यातली, सगळी खबर त्यांच्याकडे. पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हरकरेच ना तुमी? बरं झालं बा, घर उघडलं. दिवा दिसला त मले लय बरं वाटलं."

मी 'हव' म्हणालो.

इथं सगळे म्हणतात ते छोटंसं हव. पाव सेकंद लागला. सांगायचं होतं की नाही, आम्ही दुसरे. मग ते विचारणार, दुसरे म्हणजे कोण. भर फाटकात, अपर्णा शेजारी उभी असताना.

संध्याकाळी त्यांच्या सूनबाईंनी, रीनानं, वाटीभर शिरा पाठवला. अकरा दारांत कोणी पाणीसुद्धा दिलं नव्हतं. शिरा चांगला होता.

१८ नोव्हेंबर

दीक्षाला कळलं. रीना तिला हरकरेवहिनी म्हणाली. घरात येऊन दीक्षानं दार लावलं आणि मला विचारलं, "काहून हव म्हणलं तुमी? आपल्या बापाचं नाव सांगाले जीभ जड होते का?"

मी म्हणालो, मी खोटं बोललो नाही, त्यांचा गैरसमज आहे. ती म्हणाली, "गैरसमज त्यायचा, अन् शिरा तुमी खाल्ला."

हे तिनं बोलायला नको होतं. अकरा दारं मी एकट्यानं पाहिली. ती तेव्हा नागपूरला होती.

उद्या बंडूभाऊंना सांगून टाकीन.

२१ नोव्हेंबर

सांगितलं नाही. त्याऐवजी हरकऱ्यांबद्दल विचारलं. आपल्याच घरच्यांबद्दल मी विचारतोय याचं बंडूभाऊंना नवल वाटलं नाही. त्यांनी सांगितलं ते वीस वर्षांपूर्वीचं. श्यामराव आणि वनमालाबाई, एक मुलगी निधी. पुण्याला जायचं की इथंच राहायचं, हे त्यांचं वर्षभर ठरत नव्हतं. खोकी बांधत, पुन्हा सोडत. शेवटी ट्रक बोलावला. ट्रक आला तेव्हा दाराला आतून कडी होती. दार तोडलं. खोकी बांधलेली, ताटं वाढलेली, भात वाफाळत होता. घरात कोणी नव्हतं.

मी विचारलं, मग गेले कुठं. बंडूभाऊ हसले. "गेले कुठी? ठरलंच नोतं ना त्यायचं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता नका करू जायाचं, श्यामराव."

मी घरी आलो. माझं वय चाळीस, श्यामराव आता साठीचे असतील. ते थट्टा करत असावेत.

२५ नोव्हेंबर

भूत, भानामती, मागचा जन्म. बाबांनी हे सगळं आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. मी ते आत घेणार नाही. म्हणून फक्त पाहिलं तेवढं लिहितो.

आज दुपारी पाणी प्यायला पेला उचलला. आमचा पेला, कडेला पोचा आलेला. त्यावर 'सरलाकडून' एवढंच होतं. पुढची जागा गुळगुळीत. घासून गेलं म्हणावं तर अक्षरं खोलवर कोरलेली होती.

दीक्षाला दाखवला नाही. फळीवर पाठमोरा ठेवला.

२९ नोव्हेंबर

रीनानं रस्त्यावरून "निधी" अशी हाक मारली आणि अपर्णा अंगणातून धावत गेली.

मी तिला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, "सब यही बुलाते हैं." मी विचारलं, सगळे म्हणजे कोण. तिनं रीनाचं नाव घेतलं, बंडूभाऊंचं घेतलं, मग स्वयंपाकघराकडे बोट केलं. दीक्षा तेव्हा माझ्या शेजारी उभी होती. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

दीक्षा म्हणते, निघायचं. तिचा भाऊ प्रशिक भनपुरीत ट्रकांच्या यार्डाला लागून एका खोलीत राहतो. शेजारची खोली रिकामी आहे. पत्र्याचं छप्पर, सामाईक नळ. पण दारावर आपलं नाव लावता येईल, ती म्हणाली.

मी म्हणालो, मार्चपर्यंत थांबू, अपर्णाची परीक्षा होऊ दे. खरं कारण ते नाही. इथं सकाळी फाटकातून निघालो की लोक नमस्कार करतात. दूधवाला चार घरं सोडून आधी इकडे येतो. मला चाळिसाव्या वर्षी हे मिळालं. ते सोडून पत्र्याखाली जाऊन मी कोणाला काय सिद्ध करून दाखवू?

दीक्षा म्हणाली, "नमस्कार तुमाले नाई, पाटीले करून राहिले ते." मग म्हणाली, पाटी तरी काढा.

२ डिसेंबर

छिन्नी आणि हातोडी घेऊन फाटकाशी गेलो. पहिला घाव घालणार तेवढ्यात समोरून बंडूभाऊंनी हाक मारली. "काय चाललं, हरकरेजी?"

मी छिन्नी पाठीमागे लपवली. म्हणालो, पाटी पुसत होतो.

ते जाईपर्यंत खरंच पुसत राहिलो. सदऱ्याच्या बाहीनं.

दीक्षा खिडकीत होती.

६ डिसेंबर

आज काहीतरी होतं. दीक्षा सकाळी आंघोळ करून पांढरी साडी नेसून बसली. मेणबत्ती मागितली. मी विचारलं, लाइट तर आहे. तिनं फळीवरून स्वतःच शोधून काढली. मग रडली. दिवस कोणता, एवढंच विचारत होती, आणि मी तारीख सांगत होतो. सहा डिसेंबर. तारीख मला बरोबर माहीत होती.

आतल्या खोलीतल्या तसबिरींसमोर ती एकटीच बसली. मी पुढच्या खोलीत पेपर वाचला.

आता, हे लिहिताना, आठवलं. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. पोटात असताना आईनं नेलं होतं म्हणतात —

उद्या निघायचं. नक्की. दीक्षाला सांगितलं. तिनं प्रशिकला फोन केला.

७ डिसेंबर

सामान अर्धं बांधलं. मग पुन्हा वाटलं, घाई कशाला. दोन खोकी सोडली.

दीक्षानं पेला पाहिला. आता त्यावर 'सौ. वनमाला' आहे. सगळ्या भांड्यांवर आहे. तिनं एकेक भांडं उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. आदळलं नाही.

तिनं मला माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. मधलं आठवायला वेळ लागला. तिला तो वेळ दिसला.

८ डिसेंबर

दीक्षा गेली. प्रशिक रिक्षा घेऊन आला होता. अपर्णा येईना. फाटकाचे गज धरून बसली. दीक्षा म्हणत होती, मी आई आहे, चल. पोरगी ओरडत होती, "मम्मी तो अंदर है!"

दोघांनी मिळून उचलून नेली. दीक्षानं मला चला म्हटलं. तीनदा म्हटलं. म्हणाली, सामान राहू द्या, भांडी राहू द्या, तुमी चला.

मी म्हणालो, दोन दिवसांत ठरवतो.

१० डिसेंबर

ऑफिसातून आलो तर चहा झालेला होता. कपाखाली बशी होती. आमच्याकडे बशा नाहीत.

प्यालो. साखर बरोबर होती.

१२ डिसेंबर

ऑफिसात हजेरीवर सही केली. साहेबांनी बोलावून विचारलं, ही सही कोणाची. मी पाहिली. वळणदार, जुन्या पद्धतीची. माझीच.

घरी पाठवलं. तुम्हाला बरं नाही वाटतं, म्हणाले.

आतल्या खोलीतल्या दोन तसबिरी खोक्यात गेल्या आहेत. मी ठेवल्या नाहीत. पुढच्या खोलीतल्या खिळ्यावर —

पाहणार नाही तिकडे.

१४ डिसेंबर

फोन येतो. बाई असते. रडते. यशदीप, यशदीप. राँग नंबर आहे, असं सांगितलं. पुन्हा येतो. वनमाला म्हणाली, बंद करून ठेवा.

ठेवला.

१६ डिसेंबर

बंडूभाऊ आले होते. मागच्या गल्लीत नवे भाडेकरू येणार म्हणे. कोण लोक आहेत, कोणाला माहीत नाही. मी म्हणालो, आधी विचारून घ्यायला हवं. नंतर त्रास होतो.

ते म्हणाले, "हव, श्यामराव. तुमी आले त आता नीट होईल पाऱ्यात."

या वहीच्या पहिल्या पानावर कोणाचं तरी नाव आहे. फाडलं नाही. पान चिकटवून टाकलं.

१८ डिसेंबर

पुण्याला जायचं की नाही. वनमाला म्हणते जाऊ. मी म्हणतो मार्चपर्यंत थांबू. निधी दिसत नाही दोन दिवस — दहा दिवस? पोट्टी कुठं गेली कोणाकडे. वनमाला म्हणते, येईल. आणायला सांगितलंय.

खोकी बांधली. सोडली.

एका खोक्यात कोणाच्या तरी तसबिरी आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी न्याव्यात.

१९ डिसेंबर

पहाटे मधेच जाग आली तेव्हा सगळं आठवलं. लहानू. लहानू. लहानू. मधलं नाव लहानू. अजनी. दीक्षा. पत्र्याची खोली. फाटकापर्यंत पळालो. कडी काढली. रस्त्यावर दूधवाला. नमस्कार, हरकरेजी, म्हणाला —

मी नमस्कार केला.

हात जोडले ते सुटेपर्यंत —

काय आठवलं होतं?

२१ डिसेंबर

भात झाला आहे. ताटं वाढली.

फाटकाशी छोटा हत्ती येऊन थांबलाय. आम्ही मागवला नव्हता. एक बाई उतरली, सोबत तरुण भाऊ असावा. तिच्या कडेवर मुलगी, कडेवर मावू नये एवढी मोठी. मुलगी घराकडे हात करते आहे. बाई गज धरून हाका मारते आहे. यशदीप म्हणून कोणी. रंगारी. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, पुन्हा पुन्हा. सगळा पारा ऐकतो आहे.

मुलगी आपली आहे. तेवढी आत घ्या, वनमाला म्हणते आहे.

इथं त्या नावाचं कोणी नाही, हे बाईला नीट सांगायला हवं. ती ऐकेलसं वाटत नाही. पाणी मागेल. फाटकाकडे निघतो. पण कडी काढण्याआधी तिचं आडनाव विचारून —