नवसाचे डोळे

वर्धा, १६ जानेवारी १९९७

सौ. गोकर्णा हिला आशीर्वाद.

सोमवारी सकाळी मी वात न लावताच मयुरीच्या आचलसमोर आरती फिरवली, घंटी मात्र वाजवली. ती रोजच्यासारखीच हसली. मयुरी हळूच म्हणाली, "बाबा, पोरगी घंटीले हसून राह्यली, दिव्याले नाई." इतके महिने आपण तिला दिवा दिसतो असं समजत होतो.

इथल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. जन्मताना ती रडली नाही, तेव्हा मेंदूला इजा झाली. त्यामुळे डोळ्यामागची नस फिकी पडली. ऑपरेशनचा उपयोग नाही. मयुरी ग्रहणात बाहेर आली होती म्हणून हे झालं का, तेही विचारलं. नाही म्हणाले. तूही आता लेकीला तसं म्हणू नको.

जेवण वेळेवर होतं. धर्मशाळेत माणसं पुष्कळ, पण बोलावं असं कोणी नाही. तुझा गुडघा कसा आहे?

आचलला दिसू लागलं की देवीला वाहायचे म्हणून तू दिलेले चांदीचे डोळे तीन दिवस खिशात चाचपत होतो. आज देवीची क्षमा मागून सोनाराकडून त्यांचे घुंगरू करवले आणि मयुरीच्या पैंजणांना लावले. मयुरी चालते तिकडं आचल मान वळवते.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

गुणवंत