रंग पोचायला लागणारी मिनिटं

४ मार्च

घोळ केला! पिवळ्या कागदाची तीन रिळं नारिंगी झाली. लगद्यात रंग सोडायचा व्हॉल्व्ह माझ्या हातात, आणि कागद निघतो पार दुसऱ्या टोकाला. तिथून प्रयोगशाळेत रंग तपासणाऱ्या मुलीचा फोन — "फिकट." उघडला. "अजून फिकट." आणखी उघडला. तिच्या तोंडून एकदा "बरोबर" ऐकायचं होतं, बस्स. मग एकदम — "गडद! अरे, काय ओततोयस काय?"

फिटरशी भांडलो तेव्हाच साहेबांनी बजावलं होतं — आता एक चूक, की घरी. आधीच कॉलेज अर्धवट सोडलेलं. बाबांना कुठल्या तोंडाने सांगू?

५ मार्च

कोणी चकार शब्द काढला नाही. वाचलो!

९ मार्च

माझ्या पाळीचे मुख्य ऑपरेटर काका. मला वाटलं, आता सोलून काढणार. तर म्हणाले, "पाइप काय तुझ्या बापाचा नोकर आहे, हाक मारली की धावत यायला?" लगदा जोरात वाहत असला की रंग सहा मिनिटांत पोचतो. मशीन हळू केलं की चौदा! त्या दिवशी मशीन हळू होतं आणि मी सहाच धरून बसलो. तेवढाही दम निघाला नाही, ते वेगळंच.

आज टाकाऊ लगद्यात मगभर निळा रंग ओतून घड्याळ लावलं. पाच वेगांना पाचदा. त्या टोकाला ती — "आला!" काकांनी कोष्टक भिंतीवर चिकटवलं. "व्हॉल्व्ह फिरवला की हात खिशात. एवढी मिनिटं सरेपर्यंत बाहेर काढलेस तर याद राख."

कॉलेजात अडीच वर्षं गेली, असं कुणी शिकवलं नाही. भलं होवो या माणसाचं!

१४ मार्च

"बरोबर," म्हणाली. दोनदा!!

२१ मार्च

काकांना गोदामात टाकलं — बंडलं रचायला! "वय झालं रे," म्हणाले आणि हसले. मला पटेना. दुपारी तिला विचारलं. म्हणाली — "त्या नारिंगी रिळांची चौकशी झाली. काकांनी सगळं स्वतःवर घेतलं — 'व्हॉल्व्ह मी फिरवला.' मला म्हणाले, बोलू नकोस, पोराची नोकरी जाईल."

आणि मी इतके दिवस शीळ घालत हिंडतोय!

२२ मार्च

साहेबांना खरं सांगितलं. नोकरी गेली. काका उद्यापासून परत मशीनवर. घरी आलो, पोटभर जेवलो.