भाऊंनी दिलेला आऊट

बाबा, तुमच्या नावाने बेसबॉलची स्पर्धा सुरू होतेय आणि स्मरणिकेसाठी माझ्याकडे तुमच्यावर लेख मागितलाय. आयुष्यभर बातम्या आणि अग्रलेख वेळेत दिले, हा एक लेख मात्र अडून बसला. आयोजकांना नेमका तोच प्रसंग हवा. त्यांचा माणूस घरी येऊन म्हणाला, "ताई, बाकी काई नाई लिहिलं तरी चालते, पन भाऊनं तुमाले आऊट देल्लं, थे लिहाच. असा आमदार आता कुठी पाहाले भेटते?" मी त्याला चहा दिला.

तुम्ही, लोकांचे भाऊ, आमदार असताना राज्यातली बेसबॉलची लीग उभी केलीत, खेळाडूंना मानधन मिळवून दिलंत, सोयाबीन निघालेल्या वावरांत मैदानं आखून घेतलीत, हे सगळं खरं आहे. पण अध्यक्ष म्हणून तुम्ही कोणालाच बाद ठरवलं नाहीत, हेही खरं. पंचांचं आपसात जमलं नाही की सगळे तुम्ही बसलेल्या मंडपाकडे बघत आणि तुमचं उत्तर ठरलेलं असे, "पुन्हा टाका बॉल." मारणाराही मतदार, टाकणाराही मतदार.

मग तो मुलींचा सामना. आपलं मेडशी विरुद्ध रिठद. मी शेवटच्या टप्प्यावरून होमकडे, जिथे पोचलं की धाव पुरी होते, तिकडे धावतेय, समोरच मंडप आहे आणि तुम्ही मैदानाकडे पाठ करून फोनवर कुठल्याशा रस्त्याच्या डांबराबद्दल बोलताय. मी घसरत जाऊन होमला पाय लावते, त्याच क्षणी रिठदची कॅचर माझ्या खांद्याला बॉल टेकवते. आधी काय झालं, यावर दोन्ही पंच भांडायला लागतात. कोणीतरी तुम्हाला हाक मारली. तुम्ही वळलात, धुळीत कोण पडलंय ते पाहिलंत आणि हात वर केलात. आऊट. आधी रिठदच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग आपल्याही.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. "पोरीले काहून आऊट देल्लं वो? बाकीच्याईले तं पुन्हा खेळू देता."

तुम्ही ठेचा वाढून घेत म्हणालात, "तिले देल्लं तं कोनाचं मन दुखत नाई."

"माह्यं दुखते ना," मी म्हटलं.

"तू घरचीच हायेस," म्हणालात आणि पाणी मागितलंत.

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, बाबा. ठामपणे नाही म्हणायची ताकद तुमच्यात होती, आणि ती तुम्ही फक्त माझ्यावर वापरलीत. पुढे त्याचीच गोष्ट झाली. सभांमध्ये कार्यकर्ते ती सांगत, तुम्ही मान खाली घालून ऐकत असा आणि मी पहिल्या रांगेत बसून हसत असे. त्या सामन्यात माझा पाय आधी लागला होता की नाही, हे मलाही खात्रीने सांगता येत नाही. तुम्ही पाहिलं नव्हतं, एवढं मात्र पक्कं माहीत आहे आणि ते सांगायची सोय मला कुठेच राहिली नाही.

आज दुपारी लेख पाठवला. त्यात तो प्रसंग आहे. फोनचं आणि पाठीचं वाक्यही लिहिलं होतं, चांगलं उतरलं होतं. पाठवण्याआधी मीच ते काढून टाकलं. तुमची अब्रू राखायला नाही. अनोळखी माणसं तुम्हाला निष्पक्ष म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं. तुम्ही समोर असता तर हे मी कबूल केलं नसतं.